कोमलच्या नमुन्यामागून पुसेगावला

गेली सतरा वर्षं मी जंतूंची अक्षरं वाचते. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत राज्यभरातून नमुने येतात. बहुतेक शौचाचे, काही रक्ताचे, कधी पंगतीत उरलेल्या अन्नाचे. त्यातला जंतू वाढवायचा, त्याचा जनुकीय क्रम काढायचा आणि संगणकावर शेजारीशेजारी लावून बघायचं, कोण कोणाचा नातलग आहे ते. हे काम खुर्चीत बसून होतं. मी कधी कुठल्या गावाला गेले नव्हते, आणि खरं सांगायचं तर जावंसंही वाटलं नव्हतं.

या मार्चमध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या दोन गावांचे नमुने आले. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावात एका घरी धाकट्या मुलाचं जावळ होतं. जेवणानंतर दुसऱ्या दिवशी निम्मी पंगत ताप-जुलाबानं आडवी झाली आणि त्याच घरची आठ वर्षांची मुलगी, कोमल, गेली. पंगतीत खव्याचे पेढे होते. ज्याच्याकडचे पेढे, त्याच्या खव्याची साधी तपासणी झाली, त्यात साल्मोनेला सापडला, तसा कागद गावात आला आणि गावापुरतं प्रकरण तिथंच संपलं. दुसरं गाव शिरड शहापूर, औंढा नागनाथ तालुक्यातलं, पुसेगावपासून चांगलंच लांब. तिथं वास्तुशांतीच्या जेवणानंतर तसंच झालं. सुदैवानं कोणी दगावलं नाही.

साल्मोनेलाच्या क्रमात जवळजवळ पन्नास लाख अक्षरं असतात. दोन्ही गावांतल्या रुग्णांचे जंतू मी शेजारी लावले, तर फरक निघाला दोन-तीन अक्षरांचा. सख्खी भावंडं. खव्यातला जंतू मात्र नावानं साल्मोनेलाच, पण हजारो अक्षरांनी वेगळा. एका आडनावाची दोन परकी माणसं असतात, तसा. म्हणजे त्या पेढ्यांनी कोणीच आजारी पडलं नव्हतं. दोन्ही गावांत कुठून तरी तिसरंच काहीतरी पोचलं होतं.

ते शोधायला जो सहकारी जाणार होता, तो पाय मोडून घरी बसला, म्हणून मी निघाले. निघताना आमच्या साहेबांनी बजावलं, "मूळ हाती लागेपर्यंत गावात कोणाला काही बोलायचं नाही. अर्धवट बातमी फार वाईट." मी मान डोलावली. आजही मला वाटतं की साहेबांचं चूक नव्हतं. तरी त्या गप्प राहण्यानं काय झालं, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

हिंगोली

हिंगोलीच्या स्टेशनवर आरोग्य खात्याचे गजाननराव जीप घेऊन आले होते. पन्नाशीचे, किडकिडीत, गळ्यात उपरणं. माझ्या हातातला नमुन्यांचा थर्मोकोलचा डबा त्यांनी अंडी उचलावीत तसा उचलला आणि म्हणाले, "मॅडम, आधी चहा. हितं चहा घेतल्याबिगर माणूस कामाचा न्हाई."

चहा इतका गोड होता की चमचा उभा राहावा. बाजार समितीच्या बाजूनं निघालो तर रस्त्यावर पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग. हळदीचा हंगाम होता. माझं माहेर कोकणातलं. आमच्याकडे हळद म्हणजे परसातली चार झाडं आणि पातोळ्यांसाठी त्यांची पानं. इथं गावाबाहेर पडल्यापासून दोन्ही बाजूंना हळदच होती. शेतात उकडण्याची पिंपं लावलेली, त्यांतून वाफ निघतेय, शिजलेल्या कंदांचे ढीग उन्हात पसरलेले, आणि त्यावर वाकलेल्या बायांचे हात कोपरापर्यंत पिवळे. वास मातीचा आणि औषधाचा मिळून असा काहीतरी. पुढे कित्येक दिवस तो माझ्या ओढणीला होता.

पुसेगाव

पेढे ज्यांचे, ते रशीदमामा. गावाच्या कडेला त्यांची खव्याची भट्टी. साठी ओलांडलेला माणूस, पांढरी दाढी, अंगात स्वच्छ धुतलेली बंडी. भट्टी थंड होती आणि मोठी लोखंडी कढई भिंतीला टेकवून ठेवलेली होती. गजाननरावांनी माझी ओळख करून दिली, तसे ते आत जाऊन हात धुवून आले आणि ओले हात माझ्यासमोर धरून उभे राहिले.

"बघा मॅडम. कढई बघा, गाळायचं फडकं बघा, सगळं बघा. मी काई लपवलं न्हाई."

मी नमुने घेतले. ते बाजूला उभं राहून बोलत होते. "बापाची भट्टी हाय ही. या गावातलं एक लेकरू असं न्हाई, ज्याच्या बारशाचा पेढा हितला न्हाई. त्या भगवानच्या बारशाचा पेढा माझ्या बापानं केला व्हता. अन् आता भगवान मला बघितलं की रस्ता बदलतो." भगवान म्हणजे गेलेल्या मुलीचे वडील. "दूध घालायला कुणी येत न्हाई. शाळेतली पोरं भट्टीवरून जाताना नाकाला रुमाल लावतात. पोरांना कुणीतरी सांगितलं असंल तवाच ना."

"तुम्हाला स्वतःला काही त्रास झाला होता का?" मी विचारलं.

त्यांनी चमकून बघितलं. "हे कुणी इचारलंच न्हाई. झाला की. दोन रोज उठलो न्हाई."

"पेढे खाल्ले होते?"

"मला शुगर हाय मॅडम. किती साल झाले, पेढा तोंडात घातला न्हाई. पंगतीला बसलो, पुरी-भाजी खाल्ली, दोन गिलास मठ्ठा पिला."

मी वहीत 'मठ्ठा' लिहिलं.

त्यांची बायको मुमताजबी चहा घेऊन आली. मी कामावर असताना बाहेरचं काही घेत नाही, बाटलीतलं पाणी आणि बिस्किटं, एवढंच. पण त्या घरी इतक्या दिवसांत कोणी चहा घेतला नसणार हे दिसत होतं. मी घेतला. निघताना रशीदमामा जीपपर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, एक सांगा. माझ्यामुळं गेली का हो ती पोरगी?"

उत्तर माझ्या पिशवीत होतं. छापील, सही केलेलं.

"तपास चालू आहे," मी म्हटलं.

"बराबर," ते म्हणाले, आणि मागे वळले.

भगवानचं घर तीन गल्ल्या पलीकडे. दाराशी त्याची बायको अर्चना बसली होती, मांडीवर वर्षाचं बाळ. त्याच्या डोक्यावर जावळानंतरची नवी कोवळी लव आली होती. ज्या जेवणानं मुलगी गेली, ते या डोक्याचं जेवण. मला तिकडे बघवेना आणि नजरही हलेना.

अर्चना तिशीची असेल. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिनं नीट दिलं. पुरीचं पीठ कुठलं, तेल कुठलं, पाणी कुठल्या विहिरीचं. मठ्ठा तिनंच केला होता. चार घरचं ताजं ताक, साखर, मीठ, कोथिंबीर, वरून भाजक्या धने-जिऱ्याची पूड.

"पूड घरची?"

"न्हाई. बाजारातून पुडी आणलेली. संपली ती." मग माझ्याकडे बघून, "काहून?"

"सगळंच विचारावं लागतं," मी म्हटलं. "कोमलनं काय काय खाल्लं होतं?"

ती बाळाच्या झबल्याची नाडी बांधायला लागली. नाडी बांधलेलीच होती. "सगळंच. थोडं थोडं."

दारातून भगवान म्हणाला, "पेढे खाल्ले तिनं. आता काहून इचारून राहिले सारखं सारखं? कागद आला ना सरकारचा?" त्याचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. मी वही मिटली.

दुपारी आम्ही चिंचेखाली बसून गजाननरावांच्या घरचा डबा खाल्ला. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. अंबाडी मी पहिल्यांदाच खाल्ली. आंबट, आणि वर लसणाची फोडणी. छान होती, पण मला दोन घासांनंतर जाईना. गजाननराव म्हणाले, "कोमलला दवाखान्यात मीच घेऊन गेलो व्हतो, मॅडम. गाडीत इचारत व्हती, शाळेत उद्या गणिताचा पेपर हाय, तर बाई पुन्हा घेतील का." मग त्यांनीही डबा झाकला.

शिरड शहापूर

दुसऱ्या दिवशी शिरड शहापूर. ज्यांच्या घरची वास्तुशांत होती, त्या बाई बोलक्या. आमच्यासाठी त्यांनी सतरंजी टाकली आणि सगळी पंगत पुन्हा वाढल्यासारखी सांगितली. वरण-भात, वांग्याची भाजी, जिलबी, मठ्ठा. खव्याचं काही नाही.

"मठ्ठ्यात वरून काय घातलं?"

"धने-जिऱ्याची पूड. थांबा, हाय अजून." फळीवरच्या डब्यातून त्यांनी एक पुडी काढली. साधं प्लास्टिक, नाव नाही, पत्ता नाही, तोंडाला रबर. आठवडी बाजारातून आणलेली.

ती पुडी मी निर्जंतुक पिशवीत टाकून तोंड बंद केलं. साध्या भाजीत तीच पूड पडली तर शिजताना जंतू मरतो. मठ्ठा कोणी उकळत नाही. पूड वरून भुरभुरायची, आणि पंगती उठेपर्यंत पातेलं तासन्तास उन्हाळ्यात उभं.

परतताना जीप पंक्चर झाली आणि उन्हात डब्यातला बर्फ वितळायला लागला. एका कुल्फीवाल्यानं त्याच्या पेटीतला बर्फ दिला. "काय हाय आत?" त्यानं विचारलं. गजाननराव म्हणाले, "जंतू." त्याला ती थट्टा वाटली. "मग थंडच बरे," असं म्हणून त्यानं आणखी एक मूठ घातली. त्या चार दिवसांत मी तेवढंच हसले.

पुड्या विकणारा माणूस शोधायला गजाननरावांना दोन बाजार फिरावे लागले. पुसेगावची पुडीही त्याचीच. तो ज्या मसाला कांडपातून पूड घ्यायचा, ते रस्त्यालगतचं एक पत्र्याचं शेड. वर तुळयांवर पारव्यांची घरटी, खाली भाजलेल्या धन्यांची उघड्या तोंडांची पोती. जमिनीवरचे आणि पारव्यांच्या विष्ठेचे नमुने मी घेतले. मालक काही दुष्ट माणूस दिसला नाही. कपाळावर धन्याची धूळ, आवाज खोल गेलेला. "चाळून घेतो की मॅडम," तो म्हणाला. चाळल्यानं दिसणारी घाण जाते, हे मी त्याला सांगितलं. पुढचं सांगायला त्याच्या यंत्राच्या आवाजात ओरडावं लागलं असतं.

पुणे

नमुने वाढवणं, क्रम काढणं, पुन्हा तपासणं, यात महिना गेला. पुडीतला जंतू, कांडपाच्या जमिनीवरचा, पारव्यांच्या विष्ठेतला आणि कोमलच्या पोटातला, सगळे एका ओळीत उभे राहिले. अहवाल गेला, कांडप बंद झालं, बाजारातल्या पुड्या उचलल्या गेल्या. सहकाऱ्यांनी माझं अभिनंदन केलं. अहवालाच्या शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती: खव्यातील जंतूचा प्रादुर्भावाशी संबंध आढळला नाही. ही ओळ कार्यालयातल्या कुठल्यातरी फायलीत बसणार आणि पुसेगावच्या भट्टीपर्यंत जाणार नाही, हे मला कळत होतं. मी रजा टाकली आणि स्वतःच्या खर्चानं पुन्हा हिंगोलीची गाडी धरली.

पुन्हा पुसेगाव

एप्रिल संपत आला होता. स्टेशनवर या वेळीही गजाननरावच जीप घेऊन आले. हळदीची शेतं मोकळी, जमीन भेगाळलेली. भट्टी होती तिथं विटांचा ढीग होता. कढई भंगारवाल्यानं नेली होती. रशीदमामा उंबऱ्यावर बसून शेळीला पाला घालत होते.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "मामा, तुमच्या खव्यानं कोणी आजारी पडलं नाही."

त्यांनी पाला खाली ठेवला. "पक्कं?"

"पक्कं. त्यात जंतू होता, तेही सांगते. फडकं बदलायला हवं होतं. पण तो हा नव्हे."

"फडकं जुनं व्हतं," ते म्हणाले. "ते मी मानतो." मग त्यांनी भट्टीच्या विटांकडे बघितलं. "हे तुमाला कवा समजलं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. "मागच्या वेळी आले तेव्हाच माहीत होतं," मी म्हटलं. "सांगायची मनाई होती."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. "तवा कढई हितंच व्हती," एवढंच म्हणाले. आतून मुमताजबी येऊन दाराशी उभी राहिली होती. तिनं तोंडाला पदर लावला.

"मग कशात व्हतं?" मामांनी विचारलं.

"मठ्ठ्यात. वरून घातलेल्या पुडीत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मठ्ठा तर अर्चनानं केला व्हता," ते म्हणाले. मग एकदम उठून जवळ आले. "मॅडम, हे तिथं नका सांगू. माझं जायचं ते गेलं, भट्टी काई परत येत न्हाई. खव्यावरच ऱ्हाऊ द्या. त्या पोरीला समजलं तर जगंल का ती?"

"पण तिची चूक नाही, मामा. पूड आधीच खराब होती."

"ते तुमाला समजतं, मला समजतं. आईला समजतं का?"

गजाननराव म्हणाले, अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत येणारच आहे. आज ना उद्या कोणीतरी चावडीवर बसून तिचं नाव घेणार. मामा आत जाऊन टोपी घालून आले. "मग मी संगं येतो. तिला एकटीला ऐकायला लावू नका."

त्यांना दारात पाहून भगवान उठून उभा राहिला. मी पटापट सांगितलं, जसं जमेल तसं. अक्षरं, भावंडं, पुडी, कांडप. अर्ध्यातच भगवान भिंतीला टेकून खाली बसला. अर्चना रडली नाही.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

भगवाननं मान वर केली.

"पुडीचं ठाऊक न्हवतं. पण पेढ्याचं न्हाई, हे ठाऊक व्हतं. कोमलनं पेढा खाल्लाच न्हाई. तिला गोड आवडायचंच न्हाई. तिच्या वाटचा पेढा तिनं बाळाच्या तोंडाला लावला, बाकीचा मला देला. आमाला दोघांनाबी काई झालं न्हाई. मी मठ्ठा घेतलाच न्हवता. अन् ती मठ्ठा मागून मागून पिली. तीन येळा. मीच ओतून देला." ती रशीदमामांकडे वळली. "मामा, लोक तुमच्या दारात जाऊन बोलले, तवा मी घरात ऐकत व्हते. बोलले असते तर तुमची भट्टी ऱ्हायली असती. पण मंग मठ्ठ्याचं नाव निघालं असतं. मी गप बसले."

भगवान तिच्याकडे बघत होता, जणू तिला पहिल्यांदाच बघतोय.

रशीदमामा सावकाश खाली बसले, तिच्या समोर. "पुडी कुठून आणली तू?"

"बाजारातून."

"मग? बाजारातून मीबी आणतो. सगळं गाव आणतं." भगवानकडे वळून ते म्हणाले, "भगवान, पाणी आण रे."

भगवाननं तांब्या आणला. "मामा," तो म्हणाला. मामांनी पाणी पिऊन तांब्या त्याच्या हातात परत दिला, आणि त्याचा हात तसाच धरून ठेवला.

भट्टी पुन्हा पेटली, असं लिहायला मला आवडलं असतं. पेटली नाही. गजाननरावांचा परवा फोन आला होता. गावानं मामांना बोलावून माफी मागितली, दुधाचंही कोणी कोणी म्हणालं, पण मामा म्हणतात, हात आता चालत नाही. अर्चना आणि मुमताजबी मात्र बोलतात. भगवान अजून घरात फारसा बोलत नाही.

त्या दिवशी निघताना अर्चना बाळाला कडेवर घेऊन जीपपर्यंत आली.

"ताई, कोमलच्या पोटातला तो जंतू तुमी डोळ्यानं पाह्यला?"

"पाहिला."

"आता कुठं हाय?"

खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं, की असा प्रत्येक जंतू आम्ही एका छोट्या नळीत घालून अतिशय थंड ठिकाणी ठेवतो. पुढे कुठं आजार उद्भवला तर ताडून बघता यावं म्हणून. तो तिथं झोपल्यासारखा असतो.

"जिता?"

"हो."

तिनं बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "तिचं दप्तर, कपडे, सगळं आमी देऊन टाकलं. घरात बघवंना," ती म्हणाली. "अन् ज्यानं नेलं, ते जितं हाय." तिचा आवाज अगदी साधा होता. काहीतरी समजून घेत असल्यासारखा. मला वाटलं, आता ती म्हणेल मारून टाका, आणि मी काय सांगू, नियम असतो म्हणून?

"नीट बंद करून ठेवा," ती म्हणाली. "कुणाच्या लेकराला लागू नये."

"ठेवते," मी म्हटलं.

जीप सुरू झाली. तिनं बाळाचा हात मनगटाशी धरला आणि आमच्याकडे हलवला, पाहुण्यांना निरोप देताना हलवतात तसा. मग धूळ बसायच्या आत ती घरात गेली.